लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

"ताई, कोडिंग शिकायचंय, मॅकबुक घेऊ का?" परळला आमच्या बिल्डिंगमधली पोरं लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायला ग्रँट रोडचं तिकीट काढण्याआधी हे हमखास विचारतात. मी उलट विचारते, बनवणार काय आहेस?

आयफोनची ॲप बनवायची असतील तर विषयच संपला, ती बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, फक्त मॅकवर चालतं. कंपनीत मायक्रोसॉफ्टचं जुनं डॉटनेट फ्रेमवर्क असेल तर विंडोज. बाकी पीएचपी, पायथन या भाषा आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) यांचं काम घरात आहे त्या लॅपटॉपवरही होतं. पैसे घालायचेच तर रॅममध्ये घाला. ८ जीबीवर ब्राउझर, एडिटर आणि डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात चालवणारं) एकदम उघडलं की मशीन मान टाकतं, १६ घ्या. आणि दुकानदार "विंडोज फुकट टाकून देतो" म्हणाला तर हात जोडून नको म्हणा, ती बहुधा पायरेटेड कॉपी असते.

विंडोजच ठेवायचं असेल तर त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) टाका, म्हणजे आतच खरंखुरं लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मिळतं. फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नका. नोड मॉड्यूल्सच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार कोडच्या) हजारो बारक्या फायली दोन सिस्टिमच्या मधून ये-जा करत बसतात आणि ती उतरवणारी कमांड, एनपीएम इन्स्टॉल, रखडते. उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) होम फोल्डरमध्येच प्रोजेक्ट क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवा, फरक लगेच जाणवेल.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तुमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर भंगारात काढू नका, उबुंटू एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) टाका. पाच वर्षं अपडेट मिळतात. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा: वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का. मगच डिस्कला हात लावा, तोही बॅकअप घेऊन.

कुठलंही घेतलंत तरी साइट शेवटी बहुतेक लिनक्स सर्व्हरवरच जाते. विंडोज आणि मॅक एरवी फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल एकच मानतात, लिनक्स मानत नाही. कोडमध्ये logo असं स्मॉल एल आणि फाइलच्या नावात Logo असं कॅपिटल असेल, तर लॅपटॉपवर झकास दिसणारा लोगो सर्व्हरवर गायब! नावं सगळी स्मॉलमध्येच ठेवा. आधीचं नाव सुधारताना गिटची (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरची) गिट एमव्ही ही कमांड वापरा. नुसतं फोल्डरमध्ये जाऊन बदललं तर विंडोज-मॅकवर गिटला बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही.