एस्टीम-जिप्सीचं १.३ इंजिन ताकदीच्या पार्ट्सवर बांधताना

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. दर वर्षी एकजण तरी माझ्याकडे असा येतो, की ब्लॉक 'पन्नास साइझ'ला (बोअर ०.५० मिमी मोठा) करून झालेला आणि पिस्टन अजून कुरिअरमध्ये. मग पिस्टन येतात, सोबतच्या कार्डावर क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) वेगळाच निघतो, आणि कापलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही.

मी लिहितोय ते मारुतीच्या जी-१३-बीबी इंजिनाबद्दल. सोळा व्हॉल्व्हवाली एस्टीम, जिप्सी किंग आणि पहिली पेट्रोल स्विफ्ट यांत हेच इंजिन. १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. इंजिन उतरवणं, खोलणं, प्रत्येक रॉड-कॅपवर नंबर टाकणं हे येत नसेल, तर आधी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये चार महिने पाने उचला. ते इथे सांगत बसत नाही.

खरेदी

टर्बो लावायचा नसेल आणि गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल, तर ४०३२ मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन घ्या. त्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे ते कमी फुगतात आणि बोअरमध्ये घट्ट बसवता येतात. २६१८ चे पिस्टन जास्त मार सोसतात, पण त्यांना जास्त जागा सोडावी लागते आणि सकाळी थंड इंजिनावर पाच मिनिटं डबा वाजल्यासारखे वाजतात. दुकानदार २६१८ च 'रेसिंगवाले' म्हणून गळ्यात मारतात. ऑफिसला जायच्या गाडीत ते कशाला?

फोर्ज्ड रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) मी तरी घेत नाही. कंपनीचे रॉड चांगले आहेत, पैसे चांगल्या बोल्टांवर घाला. रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६,००० वरून ७,५०० वर गेलात तर ती दीडपटीच्याही वर जाते, आणि ती ओढ झेलतात ते बोल्ट. फक्त हे बोल्टच पुढे तुमच्या रडण्याचं कारण ठरू शकतात, ते पुढे येतंच. बाकी नवा ऑइल पंप, बेअरिंग शेल (क्रँकभोवती बसणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे), मल्टी-लेयर स्टीलचं हेड गॅस्केट. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलाच, ई-२० पेट्रोल त्यांना खातं. ब्लॉकच बदललात तर इंजिन नंबरची आरसीवर नोंद करून घ्या.

ब्लॉक

बोअर आणि होनिंग (दगडाने घासून बोअरवर बारीक रेषा पाडणं) टॉर्क प्लेट लावूनच; ही हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट. इंदूरच्या पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या ज्या शॉपवाल्याकडे प्लेट नाही, त्याच्याकडून नमस्कार करून परत या. पिस्टनचं माप कार्डावर सांगितलेल्या जागीच घ्या, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) दुसऱ्या कुठल्या जागी नाही.

होनिंगनंतर सगळे रॉकेलने किंवा डिझेलने ब्लॉक धुतात. ते धुणं नव्हे. होनिंग स्टोनची बारीक कचकच रेषांमध्ये अडकून राहते, रॉकेल फक्त तेल काढून घेतं. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि ब्रश घ्या. पांढऱ्या सुती फडक्याला तेल लावून बोअर पुसा. फडकं राखाडी झालं तर पुन्हा धुवा. मला साधारण चार वेळा धुवावं लागतं. वाळला की लगेच तेल लावा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत गंज.

बिग एंड बेअरिंग: इथे घाई केलीत तर सगळं गेलं

बिग एंड म्हणजे रॉडचं क्रँकला धरणारं मोठं टोक. माझं पहिलं इंजिन एस्टीमचं, रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर बांधलेलं. क्रँक आणि रॉडची मापं मी अगदी मन लावून घेतली होती. चारही रॉडला क्लिअरन्स ०.०४० मिमी. वहीत लिहून ठेवलं, वर दोनदा अधोरेखित केलं. नंतर नवे ताकदीचे बोल्ट आले. जुने ठोकून काढले, नवे बसवले, टॉर्क दिला, इंजिन बंद केलं. पुन्हा माप घेतलं नाही. रॉड तोच, शेल तेच, क्रँक तोच, मग माप कशाला बदलेल?

जेमतेम २८० किलोमीटर झाले होते. चोरलहून परत येताना, सिमरोलच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा उचलला आणि खालून टक-टक सुरू झालं. ओढत गाडी घरी आणली. चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) काढला तर तेलात तांबूस चमक. तीन नंबरच्या शेलवरचा राखाडी थर पार उडालेला, खालचं तांबं उघडं, आणि क्रँकपिनवर नखाला लागतील अशा रेघा.

भांडायच्या तयारीनेच लेथवाल्याकडे गेलो. म्हाताऱ्या उस्तादांनी काही न बोलता रॉड घेतला, शेल काढले, नव्या बोल्टांनी कॅप पुरता आवळला आणि बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मापायचं काट्याचं यंत्र) आत घालून फिरवला. उभ्यात काटा एकीकडे, तिरका धरला की दुसरीकडे. "भिया, बोल्ट ताकतवाला डाला, तो छेद का आकार बदलेगा ना," एवढंच म्हणाले. नवा बोल्ट जुन्यापेक्षा जोरात आवळतो, रॉडचं लोखंड त्या ताकदीने दबतं, आणि कंपनीत गोल केलेलं भोक गोल राहत नाही. माझ्या ०.०४० चं उभ्यात ०.०१८ झालं होतं. तेलाला जागाच उरली नव्हती.

त्यामुळे क्रम हाच, आणि यात तडजोड नाही. आधी नवे बोल्ट बसवा. बोल्टाचं डोकं रॉडवर सपाट बसलंय का, खाली बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिलीय का, ते भिंगाने बघा. मग बोल्टांसोबतच्या कागदावर लिहिलेल्या टॉर्कने कॅप आवळा. तो टॉर्क कुठल्या वंगणासाठी आहे तेही वाचा. बोल्टांबरोबर आलेल्या खास वंगणाला घर्षण कमी, साध्या इंजिन ऑइलला जास्त. वंगण एक आणि आकडा दुसऱ्याचा घेतलात तर आवळ चुकते. एककाचाही घोळ सांभाळा: १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८. सियागंजातून आणलेल्या टॉर्क रेंचवर यातलं नेमकं कुठलं छापलंय ते चष्मा लावून बघा. स्ट्रेच गेज मिळत असेल तर अजून उत्तम. बोल्ट किती ताणला ते थेट कळतं, वंगणाचा प्रश्नच मिटतो.

असे आवळलेले चारही रॉड बिग एंड रीसाइझ करायला द्या. कॅपच्या जोडाची पातळी काही शतांश मिलिमीटर घासतात, कॅप त्याच बोल्टांनी त्याच टॉर्कला आवळतात, आणि भोक पुन्हा मूळ मापाला होन करतात. 'जुन्या बोल्टांवर करून देतो, सेमच आहे' म्हणणारा भेटला तर रॉड उचला आणि चालू पडा.

आता माप. क्रँक, रॉड, मायक्रोमीटर, बोअर गेज हे सगळं आदल्या रात्री एकाच खोलीत ठेवा आणि पहाटे सहाला मापायला बसा. ४२ मिमीचा क्रँकपिन मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर तो ०.०१ मिमी मोठा दिसतो. मे महिन्यात इंदूरच्या अंगणात दुपारी ठेवलेल्या क्रँकला हा फरक सहज पडतो, आणि आपण ज्याच्या मागे आहोत ते सगळं माप ०.०४ च्या आसपास. म्हणजे पाव भाग नुसत्या उन्हाने खाल्ला.

मायक्रोमीटर आधी त्याच्या स्टँडर्डवर शून्य करा. क्रँकपिन दोन दिशांनी, दोन्ही कडांना मापा. मग मायक्रोमीटर त्या मापावर लॉक करून बोअर गेज मायक्रोमीटरच्या जबड्यातच शून्य करा. मायक्रोमीटर थोडा खोटा असला तरी दोन्हीकडे तोच खोटेपणा येतो आणि वजा होतो. शेल कोरडे बसवा. शेलच्या पाठीवर तेलाचा थेंबही नको, धूळ तर नकोच. कॅप पुरता आवळा आणि गेज उभा धरा, म्हणजे कॅपच्या जोडाशी काटकोनात. जोडाजवळ शेल मुद्दाम पातळ केलेला असतो, तिथे मोकळं दिसतंच. तिथलं माप बघून खूश होणारे मी पाहिलेत.

मारुतीच्या मॅन्युअलचा हिशेब बिग एंडला ०.०२० ते ०.०५० मिमी, मर्यादा ०.०८०. जोरात चालवायच्या इंजिनाला दर मिमी व्यासाला ०.००१ धरायचं, म्हणजे इथे ०.०४२. मी ०.०४० ते ०.०४५ मध्ये थांबतो आणि १०डब्ल्यू-४० तेल टाकतो. कमी भरलं तर जास्त क्लिअरन्सचे शेल मिळतात. त्यांची पूर्ण जोडी ०.०२५ वाढवते, एकच अर्धा बदलला तर साधारण ०.०१२. शेल पॉलिश पेपरने घासायचा नाही, आणि शेलच्या मागे सिगरेटच्या पाकिटातली चांदी लावायचा जुना उपाय कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्लास्टिगेज (फटीत दाबून माप दाखवणारा मऊ धागा) वापरा, पण फेरतपासणी म्हणूनच. हिरवा धागा ०.०२५ ते ०.०७६ पर्यंत मापतो. पिनवर तेल नको, आणि कॅप आवळल्यावर क्रँक जराही हलवू नका. दबलेला धागा दोन्ही टोकांना सारखा रुंद हवा. एका टोकाला पसरट आणि दुसऱ्याला बारीक असेल तर पिन निमुळती घासली गेलीय.

मेन बेअरिंगलाही (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) हेच सगळं. तिथे कंपनी शेल रंगांवर निवडते, हिरवा सर्वांत पातळ आणि निळा सर्वांत जाड. खाचवाला अर्धा ब्लॉककडे, बिनखाचेचा कॅपकडे, आणि तेलाचं भोक भोकासमोर. हे उलटं बसवलेलं इंजिन मी एकदा खोललंय, माझं नव्हतं. मेन कॅप आवळले की क्रँक दोन बोटांनी फिरला पाहिजे. प्रत्येक पिस्टन घातल्यावर पुन्हा फिरवा. ज्या पिस्टनला अचानक जड झालं, तोच काढा.

रिंगा

फोर्ज्ड पिस्टनच्या रिंगा बहुधा घासून बसवायच्या असतात. जशा आल्या तशा घातल्या तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधली भिंत) फुटते. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला वरच्या रिंगची फट बोअर गुणिले ०.००४५ धरा: ७४.५ मिमीला साधारण ०.३३. दुसरीची थोडी जास्त, मी ०.३७ ठेवतो. रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करा, मग फिलर गेज. घासायचं एकाच टोकाला, थोडं-थोडं, आणि कड नंतर हलकेच मोडायची. जास्त घासलं तर नवी रिंग घ्यावी लागते, कमी असेल तर पुन्हा पाच मिनिटं जातात. एवढं लक्षात ठेवलं तर हात आपोआप सावकाश चालतो.

बाकीचं

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत ना ते बघायला पिस्टनवर मुलांची क्ले लावून, हेड तात्पुरतं बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. क्ले कापून जाडी मापा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीचपेक्षा कमी नको. हेड बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील नवे. टॅपेट मॅन्युअलप्रमाणे.

पहिलं स्टार्ट आणि पहिले ५०० किलोमीटर

स्पार्क प्लग काढा, इंधन पंपाचा फ्यूज काढा, आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टरवर फिरवा. मग प्लग लावून स्टार्ट. गळती बघा आणि गाडी रस्त्यावर काढा. तासभर घराच्या दारात आयडलवर ठेवून 'रनिंग' करणं म्हणजे होनिंगच्या रेषा गुळगुळीत करून घेणं. रिंगा बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो. मी भल्या पहाटे राऊच्या बाजूने निघतो, महू ओलांडून मानपूरच्या घाटापर्यंत. चढाला मध्यम थ्रॉटल, उताराला गिअरमध्ये पाय सोडून. ४,००० च्या वर नाही, आणि एकाच वेगाने दहा मिनिटंही नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक हाकेच्या अंतरावर असला तरी तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. पोरं दर वेळी विचारतात.

५० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, ५०० ला पुन्हा. दोन्ही फिल्टर कापून उघडा. हॅकसॉने नाही, तिचाच चुरा आत पडतो. पत्रा कापायच्या कटरने कडेकडेने. आतला कागद घडी-घडी उलगडून उन्हात धरा. पहिल्या फिल्टरमध्ये चंदेरी भुकटी असणारच. त्यावर चुंबक फिरवा, चिकटली तर ती रिंगांची आणि बोअरची. न चिकटणारे चपटे कण दिसले, त्यातही तांबूस, तर किल्ली खिशात घाला आणि त्याच दिवशी चेंबर उतरवा. दुसऱ्या फिल्टरचा कागद जवळपास स्वच्छ निघाला की मगच ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगची वेळ घ्या.