टाचेमागची शीर तुटल्यावर व्हेटरन्समध्ये परत कसं उतरायचं

बॅडमिंटनच्या व्हेटरन्स, म्हणजे पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या, कुठल्याही हॉलवर कधी ना कधी हे होतं. रॅली चालू असते, मागे गेलेला खेळाडू एकदम थांबतो, वळून बघतो आणि विचारतो, "कोणी मारलं रे?" मागे कोणीच नसतं. ज्यांनी हे आधी पाहिलंय ते रॅकेट खाली टाकून लगेच खुर्ची आणायला पळतात, कारण अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची ती जाड शीर, तुटली की अगदी असंच वाटतं. माझी डावी तुटली तेव्हा मी जोडीदारणीवर खेकसले होते की रॅकेट सांभाळ जरा. ती बिचारी नेटवर, माझ्यापासून चार पावलं पुढे.

मी पुण्यात खेळते, महिला दुहेरी, पन्नाशीच्या पुढच्या गटात. राज्य पातळीवर जिंकलेल्या ढाली घरात आहेत, म्हणजे धूळ पुसायला भरपूर काम आहे. हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांचं ऑपरेशन किंवा बूट-प्लास्टर (तो पाऊल हलू न देणारा जाड बूट) उरकलंय, जे साध्या बुटात चालतायत आणि ज्यांच्या डोक्यात आता एकच प्रश्न आहे: पुढच्या स्पर्धेला नाव देऊ का?

पहिल्या तीन महिन्यांचं काम डॉक्टरांचं आणि फिजिओचं. त्यात मी नाक खुपसणार नाही, फक्त तीन गोष्टी सांगते. बूट घातलेल्या काळात पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, तर "पाय लटकवून बसल्यामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. पोटरीतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा. दुसरं, जुळत आलेली शीर ताणायची नाही. शेजारपाजारचे सगळे "स्ट्रेचिंग कर" म्हणून मागे लागतात. ही शीर लांबून जुळली तर टाच उचलायची ताकद कायमची कमी होते, मग कितीही व्यायाम करा. तिसरं औषधांचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्समुळे टेंडन कमजोर होऊन तुटू शकतात, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच. लघवीच्या संसर्गाला, जुलाबाला ही औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. डॉक्टर कोणताही असो, दाताचा असला तरी, "माझी अकिलीस तुटलेली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

तारीख विसरा, चौकटीवर रेघ मारा

सगळे विचारतात, किती महिने? ढोबळ उत्तर नऊ ते बारा. पण या उत्तराचा उपयोग शून्य. स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिचा उजवा गुडघा जानेवारी २०१९ मध्ये जकार्ताच्या फायनलमध्ये, आपल्या सायना नेहवालसमोर खेळताना गेला आणि सप्टेंबरमध्ये तिने चायना ओपन जिंकली. ती तेव्हा पंचविशीतली, मागे अख्खी टीम, दिवसभर दुसरं काम नाही. शिवाय तो गुडघा होता, टाच नव्हे. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सेमीफायनलला आघाडीवर असताना तोच उजवा गुडघा पुन्हा गेला. आपल्या पुलेला गोपीचंदचा गुडघा १९९४ ला इथे पुण्यातच, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना गेला आणि त्याने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली २००१ ला. मधल्या ऑपरेशनांची, कंटाळवाण्या व्यायामाची वर्षं कोणाला आठवत नाहीत. तेव्हा पेपरातल्या बातम्यांवरून स्वतःचं वेळापत्रक आखू नका.

त्यापेक्षा एक पेन्सिल घ्या. अनवाणी, दाराच्या चौकटीला खेटून एका पायावर उभे राहा. आधाराला फक्त बोटांची टोकं चौकटीवर. गुडघा सरळ ठेवून टाच जितकी वर जाईल तितकी उचला आणि घरातल्या कोणाला तरी टाचेच्या तळाशी चौकटीवर रेघ मारायला सांगा. मग दुसरा पाय, दुसरी रेघ. पहिल्यांदा या दोन रेघा बघितल्या की डोळे उघडतात. चालताना काही जाणवत नसतं, जिना नीट उतरता येतो, लोक म्हणतात अरे वा, आणि चौकटीवर डावी रेघ उजवीच्या निम्म्याला. हीच उरलेली उंची कोर्टवर मागच्या कोपऱ्यातून पुढे यायला लागते.

उंचीनंतर संख्या. दर दोन सेकंदाला एक या गतीने टाच उचलत राहा आणि टाच रेघेपर्यंत पोचायची थांबली की मोजणं बंद. पुढे अर्धवट उचललेल्या धरायच्या नाहीत. चांगल्या पायाचा आकडा हे तुमचं लक्ष्य. तरुण खेळाडूंचे पंचवीस-तीसचे आकडे बघून जीव जाळू नका, आपला दुसरा पाय आपल्याच वयाचा आहे. दुखऱ्या पायाने उंची आणि संख्या दोन्हींत चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मजल मारली की स्पर्धेचा विचार सुरू करायचा. अनेकांची तेवढी मजल वर्ष झालं तरी जात नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त नाव द्यायचं नाही.

तिथे पोचायला पोटरीवर वजन टाकावं लागतं. नुसत्या टाचा वर-खाली करून पन्नाशीची पोटरी हलत नाही. मी जिन्याच्या पायरीवर करायचे, पाठीवर मुलीची जुनी कॉलेजची सॅक, आत आधी दोन, मग पाच, मग दहा किलो तांदूळ. दोन पायांवर वर, एका पायावर हळू खाली, आणि पुढे पूर्ण एका पायावर. सुरुवातीचे काही महिने टाच पायरीच्या पातळीखाली न्यायची नाही, सपाटच थांबायचं. खाली कधी न्यायची ते फिजिओ सांगेल. हेच गुडघा वाकवूनही करा. ते बहुतेक जण गाळतात, आणि गंमत म्हणजे बॅडमिंटन आपण गुडघे वाकवूनच खेळतो. तिथे पोटरीच्या आतला, खालचा स्नायू काम करतो आणि तो सरळ पायाने पुरेसा तयार होत नाही. जड व्यायाम एक दिवसाआड. जास्त झालंय का हे व्यायाम करताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या दहा पावलांत कळतं. रोजच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर एक पायरी मागे या.

दोरीच्या उड्या यानंतर. आधी दोन्ही पायांनी, मग एकाआड एक, आणि एका पायाच्या सगळ्यात शेवटी. हॉलच्या मॅटवर मारा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या सिमेंटवर नको.

कोर्टवर: मागचा कोपरा शेवटी

शॅडो, म्हणजे शटलशिवाय कोर्टभर नुसत्या पावलांचा सराव, करायला सुरुवात केली की हात शिवशिवतात, ते ठीक आहे. पण सहाही कोपरे एकदम नकोत. कोणता पाय गेलाय यावर क्रम ठरतो.

उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय गेला असेल तर खरा धोका मागे आहे. मागे जाऊन ओव्हरहेड मारताना आपण हवेत वळतो, डावा पाय मागे टेकतो आणि तोच शरीराचं सगळं वजन थांबवून पुढे ढकलतो. डाव्या मागच्या कोपऱ्यात, बॅकहँडकडचं शटल डोक्यावरून मारायला गेलं तर हे सगळ्यात जोरात होतं. म्हणून आधी नेटचे दोन कोपरे, मग बाजूचे, मग फोरहँडचा मागचा, आणि डावा मागचा कोपरा सगळ्यात शेवटी, तोही चालत, उडी न मारता. उजवा गेला असेल तर उलट नेटवरचा लंज (पुढे टाकलेलं लांब पाऊल) जपायचा, कारण तिथे उजवी टाच आदळते आणि परत यायला तोच पाय ढकलतो. डावखुऱ्यांनी सगळं फिरवून वाचावं.

शॅडो जमली की कोणाला तरी शटल फेकायला बसवा. आधी ठरलेल्या क्रमाने: उजवं नेट, डावं नेट, मागे. त्यानंतर क्रम न सांगता. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रम माहीत असतो तेव्हा शरीर आधीच निघतं. माहीत नसतं तेव्हा छोटी उडी मारून उतरायचं, तिथूनच दिशा पकडायची, आणि शिरेला झटका बसतो तो त्या क्षणी. बिनठरलेल्या शटलवर वीस मिनिटं काढून दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल नेहमीसारखं पडलं, तर गेम खेळायला हरकत नाही. दुहेरीचा, एकवीसचा एकच, आणि ज्यांच्याशी तुमची खुन्नस नाही अशा लोकांबरोबर. एकेरी विसरा निदान एक सीझन.

आता खरं दुखणं. आपण जिंकलेले लोक. पायाला कळलेलं असतं की आपण पूर्वीचे नाही, हाताला आणि डोक्याला कळलेलं नसतं. शटल वर दिसलं की डोकं जुनाच फटका मागतं. तेव्हा काही फटके आधीच ठरवून टाकून द्या. मी डाव्या मागच्या कोपऱ्यातली हवेतली कात्री, म्हणजे उडी मारून हवेत पाय बदलत मारायचा फटका, बंद केली. तिथे आता दोन सरकती पावलं टाकून बॅकहँडने ड्रॉप किंवा साधा उंच टॉस. पॉइंट लगेच मिळत नाही, रॅली मात्र जिवंत राहते. आणि सरावात मुद्दाम काही शटल सोडून द्यायची सवय लावा. "जाऊ दे" हा शब्द तोंडाने म्हणा, मोठ्याने. सामन्यात ऐनवेळी तो सुचत नाही.

नाव कुठे द्यायचं

एकाच प्रकारात. महिला दुहेरी आणि मिक्स्ड दोन्हींत नाव दिलं, तर शनिवार-रविवारच्या स्पर्धेत दिवसाला चार-पाच सामने सहज होतात आणि चौथ्या सामन्यात थकलेली पोटरी शिरेला वाचवत नाही. प्रवेशपत्रकावर वयाची अट कोणत्या तारखेची आहे तेही बघा. गट पाच-पाच वर्षांचे असतात. पुढच्या वर्षी तुम्ही वरच्या गटात जाणार असाल, तर यंदा आपल्या गटातल्या सगळ्यात लहान, ताज्या दमाच्या जोड्यांसमोर घाईने उतरण्यापेक्षा थांबा. पुढच्या वर्षी तुम्हीच गटात लहान. जागतिक सीनियर स्पर्धा दोन वर्षांनी येते (२०१७ ला कोचीला होती, २०२३ ला दक्षिण कोरियात, २०२५ ला थायलंडला पट्टायाला), त्यामुळे एक हुकली म्हणून आकाश कोसळत नाही. पस्तीसच्या पुढे सत्तरीपर्यंत आणि त्याहून पुढेही गट आहेत.

पहिली स्पर्धा आपल्याच शहरातली असावी. रात्रभर बसने जाऊन सकाळी आखडलेल्या पायाने आठचा सामना खेळायचा नाही.

जोडीदाराला सगळं सांगा, कोणता कोपरा तुमचा नाही तेसुद्धा. प्रतिस्पर्ध्यांना सांगायची गरज नाही, त्यांना माहीत असतं. वॉर्मअपला येऊन "कसा आहे ग पाय?" म्हणून आपुलकीने विचारतील आणि पहिल्याच सर्व्हनंतर टॉस बरोब्बर त्याच कोपऱ्यात. चिडू नका. त्यांच्या जागी मीही तेच करते.

सामन्याच्या दिवशी खेळण्यापेक्षा बसणं जास्त घातक. नऊचा सामना झाला, पुढचा म्हणे अकराला, तो होतो एकला. तोवर आपण वडापाव खात गप्पा मारत बसलेलो, एसी नाहीतर पंख्याखाली, आणि पुकारा झाला की थेट कोर्टवर. असं करू नका. ट्रॅकपँट घालून ठेवा, आपल्या आधीचा सामना दुसऱ्या गेमला पोचला की उठून भिंतीला धरून टाचा उचला, दोरीच्या उड्या मारा, घाम येईपर्यंत. पहिल्या सामन्याआधी केलेलं वॉर्मअप दुसऱ्याला चालत नाही.

आणि एक नियम लक्षात ठेवा. बॅडमिंटनमध्ये दम खायला किंवा दुखणं बसायला वेळ मागून मिळत नाही. अकरा पॉइंटांना साठ सेकंद, दोन गेमच्या मध्ये एकशेवीस सेकंद, बस. तेव्हा कधी सोडायचं हे कोर्टवर जायच्या आधी जोडीदाराशी बोलून ठेवा. आमचं ठरलंय की मी "पाय" म्हटलं की ती अंपायरकडे जाईल, स्कोर काहीही असो. वीस-वीसला उभं राहून हा निर्णय कोणाच्याने होत नाही.

स्पर्धा संपली की दोन दिवस फक्त चालणं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकट, पुन्हा मोजणी. उंची किंवा संख्या उतरली असेल तर पुढच्या स्पर्धेतून नाव काढा, फी बुडाली तरी. आणि चांगल्या पायाचेही सेट तेवढेच, तितक्याच वजनाने चालू ठेवा. एका पायाची तुटलेली असली की दुसऱ्या पायाची तुटण्याची शक्यता चारचौघांपेक्षा जास्त असते, आणि इतके महिने त्याच पायाने तुमचा सगळा भार उचललेला असतो.