ऑप्टिकल मॉड्यूल निवडताना किलोमीटर नव्हे, डीबीएम वाचा

ऑप्टिकल मॉड्यूल म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा आणि फायबरमधून प्रकाशाने माहिती पाठवणारा-घेणारा छोटा भाग. त्याच्या लेबलवर '१० किमी' लिहिलेलं असतं आणि बरेच जण तेवढ्यावरच ऑर्डर देतात. हा आकडा चांगल्या फायबरवर, मोजक्या जोडांवर धरलेला असतो. लिंक टिकणार की नाही, हे पलीकडच्या टोकाला किती प्रकाश पोहोचतो यावर ठरतं, आणि ते आधी कागदावर काढता येतं. प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये मोजतात, वाटेतली घट डेसिबलमध्ये.

त्याआधी पोर्ट पाहा. एसएफपी (१ जी, म्हणजे सेकंदाला १ गिगाबिट), एसएफपी+ (१० जी) आणि एसएफपी२८ (२५ जी) ही तिन्ही मॉड्यूलं एकाच मापाची असतात, त्यामुळे चुकीच्या पोर्टमध्येही बिनबोभाट बसतात. १० जी पोर्टमध्ये १ जीचं मॉड्यूल बहुतेक स्विचवर चालतं, पण कधी कधी पोर्टचा वेग हाताने ठरवून द्यावा लागतो. १ जी पोर्टमध्ये १० जीचं मॉड्यूल चालत नाही. ४० जीचं क्यूएसएफपी+ आणि १०० जीचं क्यूएसएफपी२८ यांचा आकार मोठा असतो. काही स्विच दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल नाकारतात. मॉड्यूलच्या मेमरीतली उत्पादकाची नोंद ते तपासतात, म्हणून विकत घेताना आपल्या स्विचसाठी कोडिंग केलेलं मागा.

आता फायबर. १० जी एसआर (कमी अंतराचं) मॉड्यूल ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवर, मल्टिमोड (जाड गाभ्याच्या) फायबरवर चालतं: ओएम३ दर्जाच्या फायबरवर ३०० मीटर, ओएम४ वर ४०० मीटर. एलआर (लांब अंतराचं) १३१० नॅनोमीटरवर आणि ईआर (त्याहून लांबचं) १५५० वर, दोन्ही सिंगलमोडवर (बारीक गाभ्याच्या फायबरवर). दोन्ही टोकांना एकाच प्रकारचं मॉड्यूल हवं. एका बाजूला एसआर आणि दुसऱ्या बाजूला एलआर लावून काम होत नाही. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालवणाऱ्या बायडाय मॉड्यूलची मात्र जोडी लागते. १० जीमध्ये एक १२७० वर पाठवतं आणि १३३० वर घेतं, दुसरं त्याच्या उलट. दोन सारखीच मागवली तर लिंक कधीच येणार नाही, आणि ही चूक फार वेळा होते.

मग हिशेब करा. १० जी एलआरचं मानक सांगतं की मॉड्यूल कमीत कमी उणे ८.२ डीबीएम प्रकाश पाठवेल आणि उणे १४.४ डीबीएमपर्यंतचा वाचू शकेल. म्हणजे वाटेत ६.२ डेसिबल गमावायची मुभा. समजा, अंतर ६ किमी आहे. १३१० नॅनोमीटरवर दर किमीला ०.३५ धरले तर २.१ डेसिबल. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५, म्हणजे २. दोन स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड), प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.२. एकूण ४.३ डेसिबल, शिल्लक १.९. चालेल. पण याच मार्गावर आणखी दोन पॅच पॅनल (फायबर जोडण्याच्या पट्ट्या) आणि त्यांचे चार कनेक्टर वाढले, तर अंतर ६ किमीच राहूनही हिशेब तोट्यात जातो.

जास्त प्रकाशही घातक. ईआर मॉड्यूल अधिक ४ डीबीएमपर्यंत पाठवू शकतं, पण समोरच्याला उणे १ पेक्षा जास्त चालत नाही. टेबलावर दोन ईआर छोट्या पॅचकॉर्डने (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्याने) थेट जोडू नका. रिसीव्हर खराब होण्याची शक्यता असते. मध्ये प्रकाश कमी करणारा, किमान ५ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घाला.

जोडण्याआधी दोन्ही टोकं साफ करा, कॉर्ड नवी कोरी असली तरी. सिंगलमोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. धुळीचा एक कण त्याला झाकू शकतो आणि कनेक्टर दाबला गेला की काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. एलसी कनेक्टरसाठीचा क्लिक करून वापरायचा क्लीनर जवळ ठेवा. टोकावर फुंकर मारू नका, ओलावा बसतो. हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीच्या जागी घालू नका, कारण त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका: हा प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला इजा करू शकतो.

लिंक आली नाही तर मॉड्यूल बदलण्याआधी डीडीएम (मॉड्यूलने स्वतःच मोजलेले आकडे) वाचा. पाठवलेली आणि मिळालेली शक्ती, तापमान, लेसरचा प्रवाह हे सगळं तिथे दिसतं. लिनक्सवर इथटूल या कमांडला 'एम' पर्याय दिला की हेच आकडे मिळतात. मिळालेली शक्ती उणे ३० च्या खाली असेल तर प्रकाश पोहोचतच नाही: कॉर्डचे दोन धागे उलटसुलट करून पाहा, नाहीतर फायबर तुटलेलं आहे. आकडा आहे पण हिशेबापेक्षा ३–४ डेसिबल कमी आहे, तर घाण किंवा कुठेतरी आवळून वाकलेली कॉर्ड शोधा. शक्ती उत्तम असूनही २५ जी किंवा १०० जीची लिंक येत नसेल, तर दोन्ही टोकांचं एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करण्याची पद्धत) सेटिंग जुळवा. १०० जी एसआर४ ला आरएस-एफईसी हा त्यातला प्रकार लागतो, एलआर४ ला लागत नाही, आणि एका बाजूला चालू तर दुसऱ्या बाजूला बंद असेल तर लिंक वर येत नाही.

तरीही दोष मॉड्यूलचा की फायबरचा हे कळत नसेल, तर त्याच मॉड्यूलचं पाठवणारं भोक छोट्या पॅचकॉर्डने त्याच्याच घेणाऱ्या भोकाला जोडा. एलआरला हे थेट चालतं, ईआरला अ‍ॅटेन्युएटरसह. बायडायला एकच भोक असल्याने ही चाचणी करता येत नाही. लिंक आली तर मॉड्यूल आणि पोर्ट ठीक आहेत, पुढचा शोध फायबरवर घ्या.