सकाळी पिकअप सुरू होत नव्हती, तेव्हा

जुनी डिझेल पिकअप स्वस्तात घेतली, तेव्हा पाना कसा धरायचा इथपासून माझी सुरुवात होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर कुरकुर नाही. मी आधी बॅटरीच बदलली. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, एवढंही सुचलं नाही.

शेजारचे ट्रॅक्टरवाले काका म्हणाले, "अरे, एअर धरतीये ती. डिझेल कुठं गळतंय ते सोड, हवा कुठून शिरतीये ते बघ."

टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाईपातून पंप डिझेल ओढतो. तिथं तडा असला तरी खाली थेंब पडेलच असं नाही. हवा मात्र आत जाते आणि रात्रीत डिझेल टाकीकडे परततं. वीतभर पारदर्शक नळी मध्ये जोडली, तर बुडबुडेच बुडबुडे! रबरी पाईप क्लिपखाली चिरला होता.

डिझेलचाच नवा पाईप घातला (पाण्याचा लावू नका, फुगतो), क्लिपाही नव्या. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिलो. फेस थांबून निव्वळ डिझेल आल्यावर स्क्रू आवळला. दुसऱ्या सेल्फला सुरू.

जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती.