मोटर तीच ठेवली, ड्रायव्हर बदलला

बेळगावच्या उद्यमबागेतून जुनी लोखंडी चौकट आणून मी घरी लाकूड कोरण्याचे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे, यंत्र उभे केले. प्रत्येक फेजला, म्हणजे वेटोळ्याला, २.८ अँपिअर लागणाऱ्या नेमा २३ मापाच्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटारी बसवल्या आणि हाताशी होते म्हणून थ्रीडी प्रिंटरचे ए४९८८ ड्रायव्हर, म्हणजे मोटारीला प्रवाह पुरवणारे सर्किट, जोडले. सागवानात पाते शिरले की मोटर घरघरून जागीच अडे, पुढची सारी नक्षी दोन-तीन मिलिमीटर सरके, आणि ड्रायव्हरवर बोट टेकवत नसे.

मी आठवडाभर मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलिंग आवळत बसलो. तो वेळ वाया गेला. हा ड्रायव्हर नीट थंड ठेवला तरी जेमतेम २ अँपिअरपर्यंत पोचतो आणि फार तापला की स्वतःच बंद पडतो, त्यामुळे मधली पावले हरवतात.

मग २० ते ५० व्होल्टवर चालणारा, ४.२ अँपिअर शिखरप्रवाहाचा डीएम५४२ घेतला. त्याच्या तक्त्यात शिखरप्रवाह (सर्वाधिक प्रवाह) आणि आरएमएस (परिणामी सरासरी) प्रवाह वेगवेगळे छापलेले असतात, हे नीट वाचून मी २.८४ अँपिअर शिखरप्रवाह ठेवला. वीजपुरवठा १२ ऐवजी ३६ व्होल्टचा केला, कारण जास्त विद्युतदाबामुळे (व्होल्टेजमुळे) वेटोळ्यात प्रवाह लवकर चढतो आणि वेगातही जोर टिकतो. एका फेऱ्याला १,६०० पावले आणि ५ मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा) स्क्रू, म्हणून नियंत्रकात प्रति मिलिमीटर ३२० पावले भरली.

वीज चालू असताना मोटारीची तार मात्र कधीही काढू नये; ड्रायव्हर जळू शकतो.