कमरेला रुतणारं होल्स्टर: काय बदललं

परवान्याचं .32 बोअर पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, घालून पॅन्टच्या आत लावलं आणि नाशिकमध्ये द्वारका ते सातपूर मोटारसायकल चालवली की मूठ बरगडीखाली रुतते. दोष बहुतेक वेळा बेल्टचा असतो. मऊ बेल्ट वजनाने वळतो, मूठ बाहेर झुकते, शर्टावर उंचवटा दिसतो. दुहेरी चामड्याचा, 38 मिमी रुंद, ताठ बेल्ट घेतला आणि निम्मा त्रास तिथेच संपला. पॅन्ट कमरेला दीड-दोन इंच सैल हवी. होल्स्टर उजव्या कुल्ह्याच्या हाडामागे, थोडं पुढे कललेलं. मणक्यावर कधीच नको, पडलात तर पाठ जायची.

सैल कापडी होल्स्टर तर वापरूच नका. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं, आणि परत घालताना दुमडलेली कड ट्रिगरमध्ये शिरू शकते. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकणारं, कायडेक्सचं म्हणजे कडक प्लास्टिकचं घ्या. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, मग पकड तपासायला पिस्तूल घालून गादीवर उलटं हलवा. निसटलं तर होल्स्टरचा स्क्रू पाव फेरा आवळा.

चामड्याचंच हवं असेल तर लक्षात ठेवा, नाशिकच्या पावसाळ्यात ते घाम धरून ठेवतं. रात्रभर त्यातच राहिलेल्या पिस्तुलाच्या काळ्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा, कुलपात ठेवा.