दुकानातून गेमची प्रीऑर्डर: केव्हा करावी आणि करताना काय सांभाळावे

नवा व्हिडिओ गेम बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधी दुकानात काही रक्कम भरून तो आपल्या नावावर राखून ठेवावा का, या प्रश्नावर बोलणे सुरू झाले की ते लगेच गेम कसा निघेल याकडे वळते. ट्रेलर कसा होता, त्याच स्टुडिओचा मागचा गेम कसा होता, यावर वाद रंगतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. दुकानातल्या प्रीऑर्डरने आपल्याला मिळतो तो फक्त एक हक्क: वितरकाकडून दुकानात जे ठरावीक खोके येतील, त्यांतला एक आपला. त्यामुळे तो खोका पहिल्या आठवड्यात संपण्याची खरोखर शक्यता आहे का, हे आधी ठरवावे. संपणार नसेल तर गेम कितीही उत्तम असला तरी आगाऊ पैसे अडकवण्याचे कारण उरत नाही.

ही पद्धत पडली तेव्हा तिला भक्कम कारण होते. कार्ट्रिजच्या काळात प्रत्येक प्रतीत मेमरीची चिप असे, ती बनवून घेण्याची मागणी बरीच आधी नोंदवावी लागे, आणि माल अंगावर पडू नये म्हणून प्रकाशकही हात आखडताच घेत. त्यामुळे पहिली खेप संपली की दुसरी येईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत राही. डिस्क आल्यावर प्रती काढणे स्वस्त आणि झटपट झाले, आणि डाउनलोड आल्यावर तर गेम ‘संपणे’ ही कल्पनाच मोडीत निघाली. आज मोठ्या प्रकाशकाच्या गेमची साधी आवृत्ती प्रकाशनाच्या दिवशी दुकानात सहसा मिळतेच. तरीही काउंटरवरचा माणूस प्रीऑर्डरबद्दल आवर्जून विचारतो, याचे कारण दुकानाच्या गणितात आहे. किती प्रती मागवायच्या याचा अंदाज त्याला आयता मिळतो, आपली रक्कम बिनव्याजी वापरायला मिळते, आणि प्रकाशनाच्या दिवशी आपण पुन्हा त्याच दारात येऊ याची खात्री होते. यात गैर काही नाही, पण सोय प्रामुख्याने त्याची आहे, हे लक्षात असू द्यावे.

खोका खरोखरच संपतो अशा काही जागा मात्र आहेत. छोट्या प्रकाशकांचे गेम ज्यांच्या मोजक्याच प्रती छापल्या जातात, मूर्ती आणि नकाशांसह येणाऱ्या कलेक्टर्स एडिशन, कन्सोलसोबत (गेम खेळण्याच्या खास यंत्रासोबत) येणारे मर्यादित संच, आणि आधी फक्त डाउनलोडवर विकल्या गेलेल्या गेमच्या उशिरा निघणाऱ्या डिस्क आवृत्त्या, या चार प्रकारांत प्रीऑर्डर मी स्वतःही करतो. ‘ॲलन वेक २’ ऑक्टोबर २०२३मध्ये केवळ डिजिटल स्वरूपात आला आणि त्याची डिस्क हाती यायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. ज्याला कपाटात खोकाच हवा होता, त्याने अशा वेळी आधी नाव नोंदवणे शहाणपणाचे होते, कारण गेम कसा आहे हे तोवर सर्वांना कळून चुकले होते आणि जोखीम फक्त प्रतींच्या संख्येची होती.

कलेक्टर्स एडिशनच्या बाबतीत एक सावधगिरी अवश्य घ्यावी. जाहिरातीतले चित्र बहुधा नमुन्याचे असते आणि ‘प्रत्यक्ष वस्तू वेगळी असू शकते’ ही ओळ बारीक अक्षरात असते. नोव्हेंबर २०१८मध्ये ‘फॉलआउट ७६’च्या महागड्या पॉवर आर्मर एडिशनसोबत कॅनव्हासची पिशवी मिळेल असे सांगितले होते, लोकांच्या हाती आली ती पातळ नायलॉनची. भरपाई म्हणून आधी गेममधल्या चलनाची ५०० एकके देऊ केली गेली, आणि संताप वाढल्यावर कंपनीने कॅनव्हासच्या पिशव्या बनवून द्यायचे कबूल केले. तेव्हा मूर्तीचा आकार, पिशवीचे कापड, कलापुस्तकाची पाने यांबद्दल प्रकाशकाने जे लेखी दिले असेल ते जपून ठेवावे. नुसत्या चित्रावर जाऊ नये.

आता पैशाचा भाग, कारण फसगत होते ती बहुतेक इथेच. रक्कम भरण्यापूर्वी काउंटरवर काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि उत्तर शक्यतो पावतीवर लिहून घ्यावे. किमान किती अनामत चालते? रद्द केल्यास पैसे रोख किंवा कार्डावर परत मिळतात, की दुकानातच खर्च करावे लागणारे क्रेडिट मिळते? प्रकाशनापूर्वी किंमत उतरली तर उतरलेली किंमत लागू होते का? तारीख पुढे गेली तर नोंद आपोआप कायम राहते का? आणि नोंद याच शाखेपुरती आहे की कोणत्याही शाखेतून खोका घेता येतो? यांतल्या दुसऱ्या प्रश्नाला विक्रेता घुटमळला, तर तेवढ्यावरूनच निर्णय घ्यायला हरकत नाही.

पूर्ण किंमत आधी भरू नये, असे माझे ठाम मत आहे. दुकान अडचणीत आले तर आपण त्याच्याकडून पैसे येणे असलेल्या अनेकांपैकी एक होऊन बसतो आणि आपला नंबर सहसा तारण घेतलेल्या बँकांच्या मागे, घरमालक आणि पुरवठादार यांच्याच रांगेत लागतो. ब्रिटनमध्ये २०१२च्या मार्च महिन्यात हे सगळ्यांनी पाहिले. गेम हीच जिची ओळख, अशा ‘गेम’ नावाच्याच मोठ्या दुकानसाखळीला आर्थिक ओढाताणीमुळे ‘मास इफेक्ट ३’चा माल मिळाला नाही. ज्यांनी त्याची प्रीऑर्डर केली होती, त्यांना तसे कळवून अनामत परत घेण्याचा पर्याय द्यावा लागला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला साखळी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेली, आणि लोकांच्या खिशातली तिची गिफ्ट कार्डे काही काळ स्वीकारली जाईनात. म्हणून अनामत कमीत कमी ठेवावी आणि ती कार्डाने भरावी; व्यवहार फसल्यास बँकेकडे तक्रार करण्याची एक वाट तरी मोकळी राहते. रोखीत ती वाट नसते.

पावतीबद्दल दोन शब्द अधिक. दुकानातली पावती बहुतेक वेळा थर्मल कागदाची असते. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा थर असतो. पाकिटात ठेवली, ऊन लागले, प्लॅस्टिकच्या कप्प्याला चिकटली की काही महिन्यांत अक्षरे फिकट होतात. मी एकदा अशीच एक पावती आठ महिने पाकिटात बाळगली, कारण गेमची तारीख दोनदा पुढे गेली होती. काउंटरवर ठेवली तेव्हा तिच्यावर दुकानाचे नाव आणि बारकोडची एक कड एवढेच शिल्लक होते. नोंद घेणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, नव्याला संगणकात माझे नाव सापडेना, आणि अर्ध्या तासाच्या शोधानंतर नोंद दुसऱ्याच फोन नंबरखाली निघाली. पैसे बुडाले नाहीत, पण खोके संपले होते आणि परतफेड क्रेडिटच्या रूपात मिळाली. तेव्हापासून पावती हातात पडताच मी तिचा फोटो काढतो आणि नोंद कोणत्या नंबरवर झाली आहे ते विक्रेत्याकडून मोठ्याने वाचून घेतो. समोरच्याला थोडे विचित्र वाटते. वाटू द्यावे.

त्यानंतर खोक्यात नक्की काय असणार आहे ते तपासावे. खोका म्हणजे गेम, हे समीकरण आता खात्रीचे राहिलेले नाही. २०१५मध्ये आलेल्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’च्या डिस्कवर गेमचा थोडाच भाग होता आणि पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून उतरवावा लागणारा पॅच, म्हणजे भर आणि दुरुस्त्यांची फाइल, डिस्कवरच्या मजकुरापेक्षा मोठा होता. निन्टेन्डोच्या स्विच २साठी २०२५पासून निघणाऱ्या ‘गेम-की कार्ड’ प्रकारात तर कार्डावर गेम नसतोच, डाउनलोडची परवानगी तेवढी असते. खोक्याच्या दर्शनी भागावर खालच्या बाजूला तशी पट्टी छापलेली असते आणि दुकानाच्या यादीतही हा उल्लेख शोधता येतो. ज्याचे इंटरनेट मंद आहे किंवा ज्याला दहा वर्षांनी हाच गेम पुन्हा लावायचा आहे, त्याने ही पट्टी वाचल्याशिवाय नाव नोंदवू नये.

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमचा खोका राखून ठेवणे तर मला समजतच नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले. कंपनीने पूर्ण परतावा दिला हे खरे, पण ज्यांनी डिस्क इतर विक्रेत्यांकडून घेतली होती, त्यांना त्या त्या विक्रेत्याच्या पद्धतीने पैसे मागावे लागले. जी डिस्क पंधरवड्यात निरुपयोगी ठरू शकते, ती पहिल्या दिवशी हातात असण्यात मिळवायचे ते काय?

गेमच्या दर्जाचा प्रश्न येतो तो इथे, आणि त्याचे उत्तर अंदाजाने न देता तारखांनी द्यावे. प्रकाशक समीक्षकांना प्रती आधी देतात आणि परीक्षण कोणत्या दिवसापासून छापता येईल याची मुदत घालतात. ती मुदत प्रकाशनाच्या चार-पाच दिवस आधी संपत असेल तर वाचून निर्णय घेण्यास आपल्याकडे वेळ असतो. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या बाबतीत नोव्हेंबर २०१४मध्ये ही मुदत प्रकाशनाच्याच दिवशी दुपारी संपली, तोवर सकाळी रांगेत उभे राहिलेले लोक खोके घेऊन घरी पोहोचले होते, आणि त्यानंतर गेममधील दोषांची चित्रे सगळीकडे दिसू लागली.

परीक्षण कोणत्या यंत्रावर केले आहे हेही पाहावे लागते. ‘सायबरपंक २०७७’ची तारीख एप्रिल २०२०पासून तीनदा पुढे जाऊन १० डिसेंबरवर स्थिरावली. प्रकाशनापूर्वी आलेली परीक्षणे पीसीवरची होती, कन्सोलच्या प्रती समीक्षकांना आधी मिळाल्याच नव्हत्या, आणि प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर गेमची अवस्था बिकट निघाली. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१मध्ये. परतावा मागणाऱ्यांना गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने आधी दुकानाकडे जायला सांगितले आणि तिथे दाद न मिळाल्यास आपल्याला लिहायला सांगितले, त्यासाठी डिसेंबरच्या २१ तारखेपर्यंतची मुदत दिली, आणि डिस्क घेणाऱ्यांकडून खरेदीचा पुरावा मागितला. म्हणजे पुन्हा तीच पावती.

डिजिटल खरेदीत या बाबतीत गिऱ्हाईक अधिक सुरक्षित आहे, हे मान्य करावे लागते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर जून २०१५पासून खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, प्रीऑर्डर प्रकाशनापूर्वी केव्हाही रद्द करता येते, आणि प्रीऑर्डरच्या बाबतीत हे १४ दिवस प्रकाशनापासून मोजले जातात. दुकानात मात्र वेष्टन फाडले की बहुतेक ठिकाणी तोच गेम बदलून मिळण्यापलीकडे काही मिळत नाही, आणि तेही डिस्क खराब असली तरच. म्हणून परीक्षणे उशिरा येणार असतील आणि नोंद आधीच केलेली असेल, तर खोका घरी आणून न उघडता दोन दिवस बाजूला ठेवावा. हे कठीण आहे. मला स्वतःला ते दर वेळी जमलेले नाही.

प्रीऑर्डरवर मिळणाऱ्या बोनसला मी फारसे महत्त्व देत नाही. वेगळा पोशाख, एखादे शस्त्र, गाडीचा रंग, यांतले बरेचसे पुढे वेगळे विकले जाते किंवा पूर्ण आवृत्तीत आपसूक मिळते. ‘डेअस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’ने २०१५मध्ये तर प्रीऑर्डरची संख्या वाढेल तसतशी बोनसची एकेक पायरी उघडत जाईल अशी योजना आणली होती, लोकांच्या रोषामुळे ती महिन्याभरात गुंडाळावी लागली.

जुना गेम देऊन त्याची किंमत प्रीऑर्डरमध्ये वळती करण्याची योजना मात्र कधी कधी खरोखर फायद्याची असते, कारण अशा वेळी दुकान नेहमीपेक्षा जास्त किंमत धरते. दुकान देत असलेली रक्कम आणि तोच गेम एखाद्या खेळाडूला थेट विकून मिळणारी रक्कम यांची तुलना करावी. फरक किरकोळ असेल तर दुकानाचा मार्ग सोयीचा आहे, फक्त ते क्रेडिट त्याच दुकानात अडकते हे विसरू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गेम संपवून तो चढ्या भावाने पुन्हा विकायचा बेत असणाऱ्यांनाही डिस्कच लागते, पण त्यासाठी प्रीऑर्डरची गरज नाही, पहिल्या दिवशीची खरेदी पुरते. आणि ज्याला घाई नाही, त्याने थांबावे: ‘सायबरपंक’चा मूळ गेम आणि त्याचा विस्तार असलेली एकत्रित आवृत्ती डिसेंबर २०२३मध्ये आली, तेव्हा गेम तीन वर्षांच्या दुरुस्त्यांनी पार बदललेला होता.

इतके करून नोंद केलीच असेल, तर खोका घेण्याच्या दिवशी काउंटर सोडण्यापूर्वी वेष्टन शाबूत आहे का, आवृत्ती आणि यंत्र आपण नोंदवले तेच आहे का, अनामत एकूण रकमेतून वजा झाली आहे का, हे पाहावे. बोनसचा कोड अनेकदा खोक्यात नसतो, तो नव्या पावतीच्या तळाशी छापलेला असतो, आणि ती पावतीही थर्मल कागदाचीच असते. तिचा फोटो तिथेच उभे राहून काढावा.